डावीकडच्याची खबर

आमच्या कुंभकोणमच्या घरमालकांचा मला अजून राग येतो. आज ते हयात असतील असं वाटत नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं असं आमच्या घरात सगळ्यांचं मत, आणि त्यांची आठवण निघाली की आमचे हे "जाऊ दे गं, सरळ मनाचा माणूस होता" म्हणून विषय मिटवायला बघतात. सरळ मनाचा होता, हे मलाही मान्य आहे. नांगरसुद्धा सरळच जातो, वाटेत काय आहे ते तो बघत नाही.

पन्नास सालानंतरची गोष्ट. यांची बँकेतली बदली सांगलीहून थेट कुंभकोणमला झाली आणि मी तामिळचा एक शब्द येत नसताना त्या गावात जाऊन पडले. गावातल्या मेलकावेरी भागात एक मराठी बोलणारे घरमालक आहेत असं कुणीतरी सांगितलं तेव्हा मला देवच भेटल्यासारखं झालं. दारातच त्यांनी विचारलं, "तुमी कोठचे? अवघे किती जण?" मी पदर तोंडाला लावून हसू आवरलं. तीनशे वर्षांपूर्वी कधीतरी या लोकांचे पूर्वज तिकडे गेले आणि त्यांची मराठी तिथेच थांबून राहिली. 'उदंड', 'अवघे' हे शब्द मी तोवर फक्त भजनात ऐकले होते. हे गृहस्थ ते पाण्याच्या बादलीबद्दल बोलताना वापरत. मी त्यांना राव म्हणायची. गल्लीतले तामिळ लोक त्यांना 'पट्टाळत्तार' म्हणत, म्हणजे पलटणीतला माणूस. ते बरोबरच होतं, कारण ते पलटणीतून परत आलेच नव्हते.

नेसायला पांढरी वेष्टी, म्हणजे आपल्या लुंगीसारखं गुंडाळलेलं धोतर, आणि पायात लष्करी बूट. पाऊस असो, ऊन असो, देवळात जायचं असो, बूट. स्वयंपाकघराला ते 'कुकहाऊस' म्हणत. अंगणात आगगाडीच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. दुपारी तो ते दणादण वाजवत आणि मग एकटेच जाऊन जेवत. सकाळी आमच्या बिऱ्हाडाच्या दारात उभे राहून ते आमची अंथरुणं तपासत. भाडेकरूंची अंथरुणं! "वैनी, घडी वाकडी अहे. चारी कडा जुळायला पाहिजेत." पहिल्या दिवशी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. यांनी मला आत बोलावून सांगितलं की परक्या गावात भांडण नको. मग महिनाभर मी दात-ओठ खात चारी कडा जुळवत होते. पुढे तशी सवयच लागली, आणि त्या सवयीचाही मला राग येतो.

युद्धाच्या वेळी आसामात, ब्रह्मदेशच्या सरहद्दीकडे, कुठल्याशा चहाच्या मळ्याशेजारी एक लष्करी तळ होता. राव तिथे मेसचे हवालदार होते. कावेरीकाठची पुष्कळ माणसं त्या तळावर होती: ट्रक चालवणारे, कपडे शिवणारे, धुणारे, भांडी घासणारे, गोदाम सांभाळणारे. ती सगळी एका लांबलचक बराकीत ओळीने झोपायची. युद्ध संपलं, तळ मोडला, बराक कुणीतरी लाकडासाठी विकली. जो तो आपल्या गावी, आपल्या जातीत, आपल्या आळीत परत गेला. रावांना हे पटलं नाही. त्यांच्या मते बराक मोडली म्हणजे तिचं लाकूड तेवढं गेलं. माणसांची ओळ तशीच होती, ती कुणी मोडायची नव्हती.

ही ओळ टिकवायला त्यांनी एक नियम केला होता. प्रत्येकाने आपल्या डाव्या हाताला ज्याची खाट होती त्याची खबर ठेवायची. वर्षभरात निदान दोनदा त्याच्या घरी जायचं, काय चाललं आहे ते डोळ्यांनी बघायचं, आणि वर्षाच्या मेळाव्यात सगळ्यांसमोर सांगायचं. स्वतःची खबर स्वतः सांगायला सक्त मनाई. ज्याची खबर सांगितली जाई त्याने ऐकून घ्यायचं आणि शेवटी एकच शब्द बोलायचा, "बरोबर." कुणी "बरोबर, पण" असं सुरू केलं की राव ओरडत, "पण नोको!"

"हा कसला नियम?" मी एकदा विचारलं. "ज्याची खबर त्यालाच विचारली तर सोपं नाही का?"

"वैनी, मनुष्य स्वतःविषयी खरं सांगत नाही. बरं अहे म्हणतो नाहींतर उदंड रडतो. बाजूचाच खरं सांगतो. बराकींत कोण रात्रीं कण्हतो ते त्याला कोठ ठाऊक? बाजूच्याला ठाऊक."

यात तथ्य होतं, हे मी नाकबूल करत नाही. पट्टीश्वरमला एक ट्रक-ड्रायव्हर होता. त्याच्या डोळ्यांत पडदा वाढत होता आणि तो बायकोलाही सांगत नव्हता. त्याच्या उजवीकडच्या धोब्याने ते ताडलं, कारण नियमाप्रमाणे तो त्याच्याकडे गेला होता आणि ड्रायव्हरने ताकाचा पेला त्याच्या हातात न देता हवेत धरला. मेळाव्यात ती खबर सांगितली गेली, ड्रायव्हरला "बरोबर" म्हणावं लागलं, आणि रावांनी दुसऱ्याच दिवशी त्याला दंडाला धरून तंजावरच्या इस्पितळात नेलं. असे त्यांचे उपकार पुष्कळांवर होते. सायकल काढून भातशेतांच्या बांधांवरून ते गावोगाव फिरत आणि बसस्टँडवर, बाजारात, कुणाच्या लग्नाच्या पंगतीत माणसाला गाठून खडसावत, "डावीकडं गेला होतास?" नवऱ्यामुलाचा बाप असो, त्याला मुलाच्या लग्नात उभं करून विचारत.

मेळावा आडी या तामिळ महिन्यात, म्हणजे आपल्या आषाढ-श्रावणात, अठराव्या दिवशी असे. त्या दिवशी कावेरीच्या नव्या पाण्याची पूजा करायला सगळं गाव घाटावर लोटतं, घरोघरी चिंचेचा भात, लिंबाचा भात, दहीभात डब्यात भरला जातो. त्यामुळे कोण कुठे निघाला हे कुणी विचारत नाही. ही माणसं आपापले डबे घेऊन आमच्या अंगणात जमत. आदल्या संध्याकाळी राव तांदळाच्या पिठाने अंगणात खाटा काढत. बायका दारात कोलम काढतात, रांगोळी, तसे हे गुडघ्यांवर बसून लांबट चौकोन काढत, एका ओळीत, बराकीत होते तसे. कुणाची खाट कितवी हे त्यांच्या डोक्यात होतं. मेलेल्यांचे चौकोनही काढले जात आणि त्यांच्यावर कुणी पाय देत नसे. ज्याच्या डावीकडचा मेला, त्याने मेलेल्याच्या घरची खबर ठेवायची. आळीतल्या बायका भिंतीआडून बघून खिदळत. पहिल्या वर्षी मला हे माहीत नव्हतं, मी सकाळी तांदळाचे सांडगे वाळत घालायला अंगणात फडकी पसरली. राव बाहेर आले आणि असे ओरडले की फडक्यावरचा कावळासुद्धा उडाला.

"मुनुस्वामीच्या अंगावर सांडगे वाळवूलालां?"

मुनुस्वामी आसामात हिवतापाने मेला होता. मी माझे सांडगे उचलले. पण दिवसभर कुणाशी बोलले नाही.

पहिला मेळावा मी दाराच्या फटीतून बघितला. राव शिट्टी फुंकत. माणसं आपापल्या चौकोनात उभी राहत, पन्नाशीला टेकलेली, पोट सुटलेली, कुणाचे दात पडलेले, आणि शिट्टी झाली की ताठ होत. मग एकेकाचं नाव. ज्याचं नाव येई तो एक पाऊल पुढे टाकून डावीकडच्याची खबर सांगे. तामिळ मला अर्धंमुर्धं कळत होतं, उरलेलं रावांनी नंतर सांगितलं. मुलीला मुलगा झाला. गाय मेली. दारू सोडली. पुन्हा धरली. "बरोबर." "बरोबर." मला गंमत वाटली आणि थोडं रडूही आलं. मग शिंप्याने पुढे येऊन आपल्या डावीकडची खबर सांगितली, आणि माझ्या लक्षात आलं की त्याच्या डावीकडचा चौकोन रिकामा आहे. माणूस जिवंत, खबर चांगली, पण तो आलेला नव्हता. त्याच्याही डावीकडचा चौकोन रावांचा. रिकाम्या चौकोनातल्या माणसाने रावांची खबर सांगायची होती. तो नव्हता, म्हणून रावांची खबर कुणी सांगितलीच नाही. राव आपल्या चौकोनात ताठ उभे राहून थोडा वेळ थांबले, कुणीतरी बोलेल अशा बेताने, आणि मग स्वतःच पुढचं नाव पुकारलं.

दरवर्षी हे असंच चालत आलं होतं. इतक्या सगळ्यांच्या खबरा त्या अंगणात सांगितल्या गेल्या, फक्त रावांची कधी नाही.

तो रिकामा चौकोन एका स्वयंपाक्याचा होता. अख्ख्या बराकीत मराठी बोलणारे तो आणि राव दोघेच, म्हणून त्यांनी खाटा शेजारी शेजारी घेतल्या होत्या. त्याची गोष्ट राव कुणालाही सांगत, मला तर इतक्यांदा सांगितली की मी मध्येच शब्द पुरवत असे. पण नाव सांगत नसत. 'माझा उजवीकडचा', एवढंच. रावांना आसामात काळा ताप आला. अंगात हाडं उरली. डॉक्टर म्हणाला, याच्या पोटात मांसाचा रस गेला पाहिजे नाहीतर हा आठवडा काढणार नाही. हा उजवीकडचा जातीने ब्राह्मण, मेसमध्ये शाकाहारी चूल सांभाळणारा, दुसऱ्या चुलीच्या बाजूने वाराही घेत नसे. त्या रात्री मांसाच्या चुलीवरचा माणूसही तापाने पडलेला होता. तर हाच उठला, शेळीचे पाय भाजले, फोडले, उकळले, आणि चमच्याचमच्याने रावांना पाजलं. पुढे ती चूल त्याच्याकडेच आली, युद्ध संपेपर्यंत.

"हे हात असे धरून मला पाजला, वैनी," असं म्हणून राव स्वतःच्या हनुवटीखाली हात धरून दाखवत. दरवेळी डोळे भरत. तेव्हा मला त्यांच्यावर माया यायची. हेही लिहून ठेवते.

आता तो उजवीकडचा तिरुविडैमरुदूरला होता. तिथे मराठी भक्तमंडळींचा एक लहानसा विठ्ठलाचा मठ होता आणि त्याच्या पाकशाळेत हा देवाचा नैवेद्य रांधायचा. युद्धात आपण मद्रासला एका गोदामात कारकून होतो असं त्याने सांगून ठेवलं होतं. तो मेळाव्याला का येत नाही हे शाळेत न गेलेल्या माणसालाही कळलं असतं. सगळ्या ओळीला कळलेलं होतं. शिंपी दरवर्षी जाऊन त्याला भेटे, खबर आणे, आणि गावाचं नाव घेताना आवाज खाली करे. एका आडीला शिंप्याने खबर दिली की उजवीकडच्याची लेक मठाच्या भागवतांच्या, म्हणजे तिथल्या प्रमुखांच्या, पुतण्याला दिली आहे, लग्न वैशाखात, आणि यंदाच्या राधाकल्याणाच्या, राधाकृष्णाच्या लग्नाच्या, उत्सवात सगळी पाकशाळा त्याच्या हाताखाली राहणार आहे. बोलणं संपल्यावर तो रावांच्या जवळ गेला आणि त्याने हात जोडले.

"हवालदार, त्याला तिथेच सुखात राहू द्या," तो तामिळमध्ये म्हणाला. तोवर मला तेवढं तामिळ समजू लागलं होतं. "तो मनाने इथेच आहे. अंगाने यायचा आग्रह नको."

रावांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की शिंप्याचं त्यांनी काही ऐकलं असेल असं मला वाटत नाही.

संक्रांतीला सुरू होणाऱ्या थै महिन्यात तो उत्सव झाला. गावातल्या मराठी मंडळींना आमंत्रण होतं, म्हणून मी आणि हे आगगाडीने तिरुविडैमरुदूरला गेलो. आदल्या दिवशीपासून भजन चाललं होतं. पंगती उठत होत्या. उजवीकडच्याला मी तिथे पहिल्यांदा पाहिलं. सडपातळ, ओलं सोवळं नेसलेला, कपाळावरचा घाम कोपराने पुसत तो पायसम्, म्हणजे खीर, वाढत होता आणि पंक्तीतली बडी माणसं बोटं चाटत "अजून थोडं" म्हणत होती. एक शिडशिडीत अंगाची मुलगी त्याच्या मागे मागे केळीची पानं मांडत होती. तीच लेक.

आणि दारातून शिट्टी ऐकू आली.

मठाच्या दारासमोर राव उभे, बूट घातलेले, आणि त्यांच्या मागे ओळ. जेवढ्यांना पकडून आणता आलं तेवढे सगळे: ड्रायव्हर, धोबी, गोदामवाला, आणि शेवटी मान खाली घातलेला शिंपी. सगळ्यांच्या हातात केळफुलं आणि नारळ. राव अभिनंदन करायला आले होते. हे मी शंभरदा सांगेन, ते अभिनंदन करायलाच आले होते. भजन थांबलं. भागवत बाहेर आले. उजवीकडचा पायसमचं भांडं घेऊन पाकशाळेच्या दारात खिळून उभा राहिला.

रावांनी त्याला कडक सलाम ठोकला. मग ते भागवतांकडे वळून मोठ्या आवाजात म्हणाले, आणि त्यात नुसता अभिमान होता, "स्वामी, तुमच्या पाकशाळेत कोण अहे ते तुमाला ठाऊक नाही. म्हणून सांगायला आलों. हा कारकून नव्हता. अमच्या मेसचा हा देव होता. ब्राह्मण असून ह्या हातांनी शेळीचे पाय फोडला, रस काढला, आणि मला पाजला. त्यानंतर अवघ्या पलटणीला मांस रांधून घातला. मी जिवंत अहे तो ह्याच्या हातानं. असा पुण्यवान मनुष्य तुमच्या देवाला रांधूलाला. तुमचं भाग्य."

पंगतीत एका माणसाचा घास तोंडात तसाच राहिला. मग कुणीतरी थुंकलं. मग सगळे उठले.

मठातल्या माणसांनी उजवीकडच्याला एक शब्द विचारला नाही. चुलीवरची पातेली उचलून मागच्या कालव्यात ओतली, भात, आमटी, पायसम्, सगळं. पाकशाळेत शेणपाणी शिंपडायला सुरुवात केली. वर्षानुवर्षं त्या हातचं खाऊन ज्यांची पोटं वाढली होती तीच माणसं नाकाला उपरणं लावून उभी होती. एका ढेरपोट्या गृहस्थाने तर घशात बोटं घातली. मला त्याला विचारायचं होतं की कालचं आणि परवाचं आणि गेल्या वर्षीचंही काढणार आहात का. यांनी माझा दंड धरला. माझ्या आयुष्यात न बोललेल्या ज्या गोष्टी मला टोचतात त्यात ही पहिली.

उजवीकडच्याने भांडं खाली ठेवलं. नेसतं सोवळं सोडून आतल्या पंच्यावर आला. सोवळ्याची घडी घातली, चारी कडा जुळवून, आणि ती उंबरठ्यावर ठेवली. मग लेकीला घेऊन तो मागच्या दाराने निघून गेला. रावांकडे त्याने बघितलं नाही. राव अजून सलामाच्या जागीच उभे होते आणि गोंधळलेल्या मुलासारखे इकडे तिकडे बघत होते.

घरी आल्यावर त्यांचा राग सुरू झाला. भागवत ढोंगी, मठ ढोंगी, देवसुद्धा ढोंगी. दोनदा ते पुन्हा तिरुविडैमरुदूरला जाऊन मठाच्या दारात भांडून आले. त्यामुळे ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनाही ठाऊक झालं. लग्न मोडलं. दुसऱ्या भांडणानंतर ते परत आले आणि अंगणात येरझाऱ्या घालत मोठमोठ्याने शिव्या देऊ लागले, तेव्हा मी हातातली पळी तशीच घेऊन बाहेर गेले. या वेळी यांना मला धरायला वेळ मिळाला नाही.

"तुम्ही हे का केलंत?" मी विचारलं.

"कसाला रागावूलालां, वैनी? मी खोटं बोललों? खरं बोललों. खरं बोलणं गुन्हा अहे?"

"तुम्हाला परवडतं. वडलांनी बांधलेलं घर आहे, भाडेकरू आहेत, तुम्हाला कोण काढून टाकणार? मांस खाल्लं म्हणून गल्लीभर सांगत फिरता, कारण तुमचं काही जात नाही. त्याची भाकरी गेली. त्याच्या मुलीचं लग्न गेलं."

"त्या ढोंग्यांनी घालवलं. मी नाही."

"ते ढोंगी आहेत हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तो इतकी वर्षं गप्प होता. तुम्हाला ठाऊक नव्हतं? शिंप्याने हात जोडले होते ना तुमच्यापुढे?"

"मी कौतुक केलों त्याचं," ते म्हणाले. "इतकी वर्षं कोणी केलं नव्हतं."

"त्याने मागितलं होतं?"

ते पाठ फिरवून आत गेले. तेव्हापासून ते आमच्याशी बोलेनासे झाले. अंथरुणं तपासणं बंद झालं. मी मुद्दाम वाकड्या घड्या घालून दारात दिसतील अशा ठेवत होते. त्यांनी बघितलंही नाही.

शिंप्याकडून कळत राहिलं. उजवीकडचा आता स्टेशनाबाहेर एका टपरीत भजी तळायचा. ब्राह्मण त्याच्या हातचं घेत नसत, बाकीचे घेत. यांनी बँकेतल्या एका ओळखीच्या घरी त्याच्यासाठी शब्द टाकून बघितला. त्या घरच्या बाईंनी हसून विषय बदलला.

पुढची आडी आली. मेळावा होणार नाही असं मी धरून चालले होते. आदल्या संध्याकाळी बघते तर राव गुडघ्यांवर बसून खाटा काढत होते. सगळ्या, त्याचीही. रेघा वाकड्या आल्या होत्या. माणसं कमी आली. जी आली ती एकमेकांकडे न बघता आपापल्या चौकोनात उभी राहिली. मी या वेळी फटीतून नाही, हातात पळी घेऊन, दार उघडं टाकून बघत होते.

रावांनी शिट्टी तोंडाला लावली, तेवढ्यात फाटक वाजलं. उजवीकडचा आत आला. अंगावर तेलाचे डाग पडलेला सदरा होता. तो सरळ आपल्या चौकोनात गेला, वळला, आणि ताठ उभा राहिला. इतक्या वर्षांत प्रथमच तो चौकोन भरला होता. रावांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्यांना वाटलं, तो परत आला.

नावं सुरू झाली. शिंप्याची पाळी आली, त्याच्या डावीकडचा आता तिथेच उभा होता. शिंपी नुसता म्हणाला, "माझ्या डावीकडची खबर सगळ्यांना ठाऊक आहे."

"बरोबर," उजवीकडचा म्हणाला.

मग त्याची पाळी. रावांनी त्याचं नाव पुकारलं. आजवर मी ते नाव त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. तो एक पाऊल पुढे आला आणि मराठीत बोलू लागला, जी त्या ओळीत रावांशिवाय कुणालाच कळत नव्हती. मला कळत होती.

"माझ्या डावीकडचा. प्रकृती बरी अहे. सायकल चालवतात. घर शाबूत अहे, भाडेकरू अहेत. गेल्या थै महिन्यांत हे अमच्या मठाच्या दारांत आले. माझं उदंड कौतुक केले. त्या दिवसापासून मी पाकशाळेंत नाहीं. लेकीचं लग्न मोडलं. ती आतां कोणी आलं तर दार उघडत नाहीं. हे त्यांना कोणी सांगितलं नसेल, म्हणून सांगूलालों. त्यांच्या मनांत वाईट नव्हतं. तेही खबरेंतलंच अहे, तेही सांगितलों." तो थांबला. "आसामांत मी ह्यांना वांचवलों. पुन्हा तशी वेळ आली तर वांचवीन कीं नाहीं, ते मला कळना. खबर संपली."

ओळीला शब्द कळले नव्हते, तरी सगळ्यांना कळलं होतं.

राव ताठ उभे होते. त्यांचे ओठ हलले. मला वाटलं, आता 'पण' येणार. मी पळी घट्ट धरली.

"बरोबर," ते म्हणाले.

उजवीकडच्याने मान हलवली, चौकोनाबाहेर पाऊल टाकलं आणि फाटक उघडून निघून गेला. जेवायला थांबला नाही. रावांनी पुढचं नाव पुकारलं, मग त्याच्या पुढचं. रुळाचा तुकडा वाजला, डबे उघडले गेले. उजवीकडच्याच्या चौकोनात रावांनी पान मांडलं आणि त्यावर तिन्ही भात वाढले. संध्याकाळी मुंग्यांनी आधी पानावरचा भात आणि मग पिठाच्या रेघा खाऊन टाकल्या.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांत आमची बदली झाली. सामान बांधलं त्या सकाळी ते आमच्या दारात आले, वळकट्यांकडे बघत राहिले, आणि एक वाकडी घडी स्वतः खाली बसून सरळ केली. काहीतरी बोलतील म्हणून मी थांबले होते. उजवीकडच्याबद्दल, त्या मुलीबद्दल, एक शब्द. माझ्यापुढे नाही तर निदान त्याच्यापुढे जाऊन बोलले का, तेवढं तरी. ते बोलले नाहीत. "गाडीला उशीर होऊलाला," एवढंच म्हणाले. बोलले असते तर माझा राग तिथेच निवला असता. पण माफी मागायची म्हणजे माणसाला स्वतःची खबर स्वतः सांगावी लागते, आणि त्यांच्या नियमात त्याला सक्त मनाई होती.